शहरातल्या चक्रम इमारती बघायला निवांत दिवस कसा काढता?

बुधवारची_सुट्टी

मला आठवड्याची सुट्टी बुधवारी असते. घरात त्या दिवशी कुणालाच नसते, मैत्रिणींनाही नसते. त्यामुळे गेले काही महिने एकटीनेच शहर बघत हिंडायचा नाद लागलाय. शहर मोठं आहे, जुनं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक पत्ते देतात आणि पत्ते माझ्याकडे ढीगभर आहेत. तीच तर अडचण झालीय.

मागच्या बुधवारी 'शहरातल्या विचित्र इमारती' अशी एक यादी फोनवर उतरवून घेतली. चौदा ठिकाणं होती, नऊ झाली. पोचायचं, मान वर करायची, फोटो काढायचा, पुढचं ठिकाण किती मिनिटांवर आहे ते बघायचं, सुटायचं. संध्याकाळी पाय इतके भरून आले की जिना चढताना कठड्याला धरून चढले. रात्री फोटो चाळले तर त्यातल्या दोन इमारती कुठल्या ते मलाच सांगता येईना.

लक्षात राहिलं ते एक दार. सहाव्या आणि सातव्या ठिकाणाच्या मध्ये रस्ता चुकून एका बोळात शिरले, तिथलं. दुसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीत. नीट चौकट, दोन फळ्यांचं दार, रंगवलेलं. पण समोर जिना नाही, सज्जा नाही, काहीच नाही. आतून कुणी उघडून पाऊल टाकलं तर थेट बोळात. मी पंधरा मिनिटं तिथे उभी होते. एक गृहस्थ थांबून विचारून गेले, काही हरवलंय का. हे दार कुठल्याही यादीत नाही.

तर प्रश्न असा, की ज्यांना हा नाद आहे ते दिवस कसा आखतात? की आखतच नाहीत? आणि इमारत अशी चमत्कारिक का झाली हे नुसतं बघून ओळखता येतं का? मी हिशेब तपासणारी बाई आहे. बांधकामातलं मला वीट आणि सिमेंट यापलीकडे काही कळत नाही. पुस्तकांची नावं देऊ नका प्लीज, वाचून होत नाहीत.

पायी_पायी

यादीतलं एक ठिकाण निवडा, तिथे जा आणि तिथून पुढे तो एकच रस्ता धरा. जाताना डावी बाजू बघायची, येताना उजवी. एवढाच माझा नियम. दोन्ही बाजू एकदम बघायला गेलं की मान दुखते आणि दिसत काहीच नाही. एक किलोमीटर पुरे होतो. शिवाय कामाच्या दिवशी मिळणारी सुट्टी या नादाला सोन्यासारखी. दुकानं, कचेऱ्या उघड्या असतात, विचारायला माणसं असतात. रविवारी सगळी शटरं खाली.

ओळंबा

ताई, पंधरा मिनिटं एका दाराखाली उभ्या राहिलात म्हणजे अर्धं काम झालंय. बाकी अर्धं सांगतो. लांबण लागेल, तयारी ठेवा.

माझी चौतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. नव्या इमारतींचे काढायला हुशार लोक होते. माझ्याकडे जुन्या यायच्या. मालकाला भिंत पाडायची, जिना हलवायचा असं काही असलं की आधी इमारत आहे तशी कागदावर उतरवावी लागते. टेप, ओळंबा, गुण्या घेऊन तेच करत आलो. त्यातून कळलं ते इतकंच, की काटकोन फक्त कागदावर असतो आणि पैसे घालणारा मालक विनाकारण एक वीटही लावू देत नाही. म्हणून वेडंवाकडं काही दिसलं की मी विचारतो, यात कुणाचं काय वाचलं? कर वाचला, जागा वाचली, की पाडायचा खर्च वाचला? नाहीतर भांडण. भांडणात मात्र माणूस पैसे बघत नाही.

कराचं उदाहरण सगळ्यात प्रसिद्ध. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराला खिडक्या किती त्यावर कर होता. फ्रान्समध्ये दारं-खिडक्यांवरचा कर १७९८ ला आला तो १९२६ पर्यंत टिकला. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. पण इथे एक मेख आहे आणि ती यादीवाले सांगत नाहीत. बुजलेली दिसणारी प्रत्येक खिडकी कराची नसते. पुष्कळदा आत जिना किंवा धुराडं असायचं, तिथे खिडकी शक्यच नव्हती. पण बाहेरून ओळ बिघडू नये म्हणून पहिल्यापासूनच आंधळी खिडकी बांधायचे. फरक कसा ओळखायचा? विटांचे थर बघा. आंधळ्या खिडकीतले थर आजूबाजूच्या भिंतीशी एका रेषेत जातात, वीट एकाच भट्टीतली वाटते. नंतर बुजवलेल्या खिडकीत थर चुकतात, विटेचा रंग वेगळा असतो आणि कडेला उभा सांधा सरळ खाली उतरतो. गवंडी कितीही चांगला असला तरी तो सांधा लपत नाही. हिशेबातली खाडाखोड जशी तुम्हाला लगेच दिसत असेल, तसं.

नियमांमुळेही इमारतींना आकार येतात. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल नावाची इमारत झाली. रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर, खालच्या रस्त्यांवर दिवसभर सावली. अशा इमारतींविरुद्ध ओरड झाली आणि १९१६ मध्ये नियम आला की ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे सरकायचं. त्यानंतरच्या कित्येक मनोऱ्यांना पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या तिथून आल्या. लोक त्याला शैली म्हणतात. वास्तुरचनाकारांनी त्याची शैली केली हे खरं, पण आधी होती ती कायद्याने आखलेली तिरकी रेघ.

आणि भांडण. त्याच शहरात सेव्हन्थ अव्हेन्यू वाढवताना हेस कुटुंबाची इमारत गेली. सगळी गेली, पण मोजणीत एक त्रिकोणी तुकडा उरला. पाचशे चौरस इंच. म्हणजे आपण दोन पाय ठेवून उभे राहिलो की संपला. शहर म्हणालं, एवढा आता देऊन टाका. हेसवाल्यांनी नाही दिला. १९२२ मध्ये त्यावर फरशीच्या तुकड्यांत अक्षरं बसवली, की ही हेस इस्टेटीची मालमत्ता असून सार्वजनिक कामासाठी कधीही दिलेली नाही. अजून पदपथावर आहे. मला हा त्रिकोण कुठल्याही राजवाड्यापेक्षा प्रिय आहे.

आता दिवस कसा काढायचा. पायी_पायी म्हणतात ते बरोबर, एक रस्ता. माझी त्यात भर अशी, की उन्हाची वेळ साधा. सकाळी लवकर किंवा उतरत्या दुपारी ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा गिलाव्याखाली लपवलेलं सगळं वर येतं. बुजवलेली कमान, जुन्या पाटीची चौकट, पोट सुटलेली भिंत. डोक्यावरच्या उन्हात तीच भिंत कोरी करकरीत दिसते. तेव्हा दुपारी बारा ते तीन कुठेतरी सावलीत बसा. बसणं हाही कार्यक्रमाचा भाग धरा, तुमच्या पायांसाठी म्हणून सांगत नाही. बसल्यावर माणूस वर बघतो.

समोरची बाजू बघून झाली की बोळात शिरून बाजूची भिंत बघा. दर्शनी भिंत पाहुण्यांसाठी नटलेली असते. शेजारची इमारत पाडली गेली असेल तर बाजूच्या भिंतीवर तिची छाया उरते. छपराच्या उताराची रेघ, मजल्यांच्या तुळयांची ओळीने भोकं, नागमोडी चढत गेलेला जिन्याचा वण, कुठे एखाद्या खोलीचा निळा रंग. जी इमारत आता नाहीच तिचा उभा छेद फुकटात बघायला मिळतो. मी असे छेद काढायचे पैसे घेत असे.

कललेल्या इमारतींबद्दलही लोक घोळ करतात. ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठची घरं पुढे झुकलेली आहेत. त्यातली बरीचशी मुद्दाम तशी बांधलेली आहेत. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद, म्हणून माल आणि सामान बाहेरून दोराने वर घ्यायचं. माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि तिला हुक अजून दिसतो. भिंत पुढे झुकवली की वर चढणारं सामान खिडक्यांना घासत नाही. पण जी घरं शेजाऱ्याच्या अंगावर रेललेली आहेत, ती त्यांच्या पायाखालचे लाकडी खुंट खचल्यामुळे. खिडकीचा उंबरा बघायचा. मुद्दाम झुकवलेल्या घराचा उंबरा डावी-उजवीकडे समपातळीत असतो. खचलेल्या घराचा कलतो, दाराची चौकट पतंगासारखी होते आणि भिंतीत पायऱ्या-पायऱ्यांची भेग जाते.

एक स्वतःची फजिती सांगतो. एका जुन्या इमारतीचा मजला मोजत होतो. आतल्या खोल्यांची बेरीज आणि बाहेरची लांबी जुळेना. दीड मीटर कमी. टेपला दोष दिला, मदतनिसाला दोष दिला, दोन दिवस पुन्हा मोजलं. तिसऱ्या दिवशी बाहेर उभा राहून खिडक्या मोजल्या. बाहेर सात, आत सहा. दोन भिंतींच्या मधे एक अख्खा जिना कोंडलेला होता, कठड्यासकट. कुणीतरी पाडायचा कंटाळा केला आणि दोन्हीकडून भिंत घालून मोकळा झाला. तेव्हापासून सवय लागली. आत जायला मिळणार असेल तर आधी बाहेरून खिडक्या मोजतो.

तुमच्या दाराचं आता. पुन्हा जा आणि चार गोष्टी बघा. दाराच्या वर तुळईचं भोक किंवा आकडा आहे का? असेल तर ते माल चढवायचं दार. दाराखाली कापलेल्या लोखंडी पट्ट्यांची टोकं आहेत का? मग सज्जा होता. भिंतीवर तिरकी रेघ उतरते का? जिना. आणि चौथी, जी लोक विसरतात. पाठ फिरवून समोरची भिंत बघा.

रुळावरून

ओळंबाकाकांनी माझा विषय सोडला म्हणून लिहितो. चक्रम इमारतींचा मोठा कारखाना म्हणजे शहराची रेल्वे.

लंडनमध्ये लेन्स्टर गार्डन्स नावाच्या रस्त्यावर २३ आणि २४ क्रमांकाची घरं ही नुसती भिंत आहे. जगातली पहिली भुयारी रेल्वे तिथे १८६३ साली सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनावर. भुयारात धूर आणि वाफ कोंडायची, म्हणून इंजिनाला मोकळा श्वास घ्यायला अधूनमधून उघडी जागा लागायची. पुढे मार्ग वाढवताना या रांगेतली दोन घरं पाडावी लागली. रांगेत खिंडार दिसू नये म्हणून पुढे साधारण दीड मीटर जाडीची भिंत उभी केली, शेजाऱ्यांसारखेच खांब, सज्जे, दारं सगळं करून. खिडक्यांत काच नाही, राखाडी रंग आहे. मागच्या रस्त्याला गेलं की खाली रूळ दिसतात. पॅरिसला ऱ्यू ला फायेतवर १४५ क्रमांकालाही असंच, आत भुयारी रेल्वेची हवा खेळवायची सोय. ब्रुकलिनमध्ये जोरालेमन स्ट्रीटवरचं ५८ क्रमांकाचं घर तर १८४७ मध्ये राहायलाच बांधलेलं खरं घर, पुढे रेल्वेने घेतलं. आता खिडक्या काळ्या आणि आत हवा बाहेर टाकायची जागा आणि संकटकाळी बाहेर पडायचा रस्ता.

अशी घरं आपल्या आपण सापडू शकतात. मी काय बघतो, तर पत्रपेटी आहे का, पडदे हलतात का, संध्याकाळी एखादा तरी दिवा लागतो का, दाराची मूठ माणसाच्या हाताने घासलेली आहे का. मूठ नवीकोरी आणि उंबरा न झिजलेला असला की माझे कान टवकारतात. मग भिंतीला खरंच कान लावतो. पंख्याची घरघर आली की काम फत्ते. (एकदा कान लावून उभा असताना दार उघडलं. आत एक आजी होत्या. घर खरं होतं. पुढचं सांगत नाही.)

जपानमध्ये ओसाकाला गेट टॉवर नावाची सोळा मजली इमारत आहे, १९९२ ची. तिच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या मजल्यातून महामार्ग आरपार जातो. जागेचा मालक हटेना, रस्त्याची आखणी बदलेना, शेवटी दोघांनी एकमेकांत घर केलं. रस्त्याला आपले वेगळे खांब आहेत, तो इमारतीला कुठेही टेकत नाही. लिफ्ट त्या तीन मजल्यांवर थांबत नाही. चीनमध्ये चोंगचिंगला लिझिबा स्टेशन एकोणीस मजली इमारतीच्या सहा ते आठ मजल्यांवर आहे. ते मात्र भांडणातून आलेलं नाही, इमारत आणि स्टेशन बरोबरच आखले होते. डोंगराळ शहर, सपाट जागाच नाही.

दोन_पिल्लं

माझ्याबरोबर दोन मुलं असतात, वय आठ आणि सहा. इतिहास सांगितला की जांभया सुरू. म्हणून आम्ही 'भिंतीचे दागिने' शोधतो. जुन्या विटांच्या इमारतींवर लोखंडी चांदणी, फुली किंवा इंग्रजी एससारखा वळसा दिसतो ना, तो. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी सळई गेलेली असते आणि भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून टोकाला हा तुकडा धरून ठेवतो. धाकटीने त्यांना भिंतीची बटणं असं नाव दिलंय. एका रस्त्यात सदतीस बटणं हा आमचा विक्रम.

दुसरं म्हणजे कोपरे. युरोपातल्या जुन्या शहरांत, व्हेनिसमध्ये विशेष, काही बोळांच्या कोपऱ्यात तिरका दगडी किंवा विटांचा उतार बांधलेला असतो. कोपऱ्यात उभं राहून लघवी करणाऱ्याच्या अंगावरच ती उडावी म्हणून. मोठ्याला हे कळलं त्या दिवसापासून तो प्रत्येक कोपरा तपासतो. शिक्षण म्हणजे आणखी काय.

ताई, तुमच्या दारासारख्या गोष्टींना जपानीत नावच आहे. अकासेगावा गेन्पेई नावाच्या कलावंताला १९७२ मध्ये तोक्योत एक जिना दिसला. एका बाजूने पायऱ्या वर, दुसऱ्या बाजूने खाली, वर दारच नाही. म्हणजे चढा आणि उतरा. पण कठडा मोडला होता तो कुणीतरी नीट दुरुस्त केलेला. उपयोग शून्य, निगा मात्र चालू. पुढे त्याने आणि त्याच्या मित्रांनी अशा गोष्टींना 'टोमासन' म्हणायला सुरुवात केली. योमिउरी जायंट्स संघाने मोठा पगार देऊन गॅरी टोमासन हा अमेरिकी बेसबॉल खेळाडू आणला होता. तो बॅट सुंदर फिरवायचा, चेंडूला लागायची नाही. संघात सांभाळलेला, पण उपयोग नाही. त्याच्यावरून नाव.

तुमचं दार रंगवलेलं होतं म्हणालात. कधी रंगवलंय ते बघितलंत का?

सरळ_भिंत

धागा छान चाललाय, पण ओळंबांशी थोडं भांडतो. सगळं काही कर आणि कंजूषपणा नसतं हो. काही माणसांनी निव्वळ गंमत म्हणून बांधलंय आणि त्यात कमीपणा नाही. रोममध्ये पलाझो स्पाडा नावाच्या वाड्यात बोरोमिनी या वास्तुरचनाकाराने १६५२-५३ मध्ये एक खांबांची वाट केली. टोकाला एक पुतळा दिसतो, पुरुषभर उंचीचा, तीस-पस्तीस मीटरवर असावा असा. प्रत्यक्षात वाट नऊ मीटरसुद्धा नाही आणि पुतळा साठेक सेंटिमीटरचा. जमीन चढत जाते, छत उतरत येतं, खांब लहान-लहान होत जातात. त्याच शहरात सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये घुमट दिसतो तो घुमटच नाही. आंद्रेआ पोत्सो या चित्रकाराने १६८५ मध्ये रंगवलेलं सतरा मीटरचं सपाट कापड आहे. खाली फरशीवर खूण केलेली जागा आहे. तिथून बघितलं की घुमट खरा, दहा पावलं पुढे गेलं की तो वाकडा होऊन कोसळायला लागतो.

रॉटरडॅमची, पिएट ब्लोम या वास्तुरचनाकाराची घनाकृती घरं, १९८४ ची, कोपऱ्यावर उभी केलेली, तीही घ्या. त्यातलं एक आतून बघायला मिळतं. आत गेल्यावर कळतं की भिंती तिरक्या असल्यावर साधं कपाट कुठे ठेवायचं हाही प्रश्न असतो.

माझं म्हणणं, यादीतल्या प्रसिद्ध इमारती अगदीच टाकाऊ समजू नका. फक्त तिथे चार मिनिटांऐवजी तास द्या. फोटोत न येणारी गोष्ट सापडेपर्यंत हलायचं नाही.

ओळंबा

सरळ_भिंत, पोत्सोपुढे हात जोडले. माझी तक्रार फसवणाऱ्यांवर नाहीच, ते कष्ट करून फसवतात. हल्ली नुसता काचेचा डबा पिळून ठेवतात आणि वर त्याला संकल्पना म्हणतात, त्यावर आहे. असो, वयाचा दोष.

एक राहिलं होतं. एडिंबराला साउथ ब्रिज नावाचा पूल आहे, १७८८ चा. एकोणीस कमानी. दिसते एक. बाकीच्या अठरा दोन्ही बाजूंनी इमारती चिकटल्यामुळे आत गेल्या. वरून चालणाऱ्याला वाटतं साधा बाजाररस्ता आहे. अशा चढउताराच्या शहरात एका दाराने रस्त्यावरून आत शिरून मागच्या दाराने तीन मजले खालच्या रस्त्याला निघता येतं. उलटंही असतं. सिॲटलमध्ये १८८९ च्या आगीनंतर रस्तेच मजला-दीड मजला उंच केले. जुन्या दुकानांचे दर्शनी भाग पदपथाखाली गेले. तिथे उजेड जावा म्हणून पदपथात काचेचे ठोकळे बसवले, ते आता जांभळे पडलेत. काचेत मँगनीज असलं की वर्षानुवर्षांच्या उन्हाने असं होतं.

म्हणजे ताई, खालीही बघत जा. अर्धी खिडकी जमिनीत गेलेली दिसली तर घर खचलं असं लगेच म्हणू नका. बहुतेक वेळा रस्ता वर आलेला असतो.

बुधवारची_सुट्टी

सगळ्यांचे आभार. दोन बुधवार गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या बुधवारी फक्त त्या बोळात गेले. सकाळी साडेआठला पोचले, ऊन भिंतीवर तिरकं होतं. ओळंबाकाका, दाराच्या वर आकडा नाही, भोक नाही. तिरकी रेघ नाही. पण दाराच्या उंबऱ्याखाली दोन चौकोनी ठिगळं आहेत, वीतभर रुंद, वेगळ्या विटेची. मागच्या वेळी पंधरा मिनिटं बघूनही दिसली नव्हती. मग तुम्ही सांगितलं तशी पाठ फिरवली.

समोरच्या इमारतीत त्याच उंचीला एक खिडकी आहे. शेजारच्या दोन खिडक्यांपेक्षा किंचित रुंद. आणि तिच्या खालच्या भागात थर चुकलेले, कडेला उभा सरळ सांधा. ती खिडकी नव्हतीच. दार होतं, खालून अर्धं बुजवून खिडकी केलंय. तिच्याही खाली तशीच दोन ठिगळं. एवढं कळल्यावर मी बोळात एकटीच हसले असेन, कारण खालच्या दुकानातून एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. हे तेच मागच्या वेळचे, काही हरवलंय का विचारणारे. मी वर बोट दाखवलं. ते म्हणाले, हो, पूल होता लाकडी, माझ्या वडिलांनी बघितलेला. एका बाजूला छापखाना आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकबांधणी. कागद डोक्यावर घेऊन पोरं इकडून तिकडे जायची. पुढे धंदा दोन भावांत वाटला गेला आणि पूल काढून टाकला. कुणी काढला यावर दोन्ही घरांचं अजून एकमत नाही म्हणे.

कर नव्हे, जागा नव्हे, भांडण. तुमच्या यादीतलं शेवटचं.

दुसऱ्या बुधवारी तोच रस्ता पुढे धरला, जाताना डावी बाजू. दिवसभरात सहाशे मीटर झाले असतील. बटणं बावीस. एक आंधळी खिडकी, पहिल्यापासून आंधळी, थर जुळतात. बारा ते तीन एका ओट्यावर बसले होते. पाय अजिबात दुखले नाहीत. यादी उघडलीच नाही. सरळ_भिंत, तुमच्यासाठी एक दिवस त्या नवातल्या एका इमारतीला देणार आहे, नक्की.

आणि दोन_पिल्लं, तुमचा प्रश्न. दाराचा रंग ताजा आहे. खालच्या खिडक्यांचा रंग उडालाय, पोपडे आलेत, दाराचा मात्र गेल्या एक-दोन वर्षांतला असावा. त्या गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, आमच्याकडून कुणी रंगवत नाही, ते दार आमच्या बाजूचं नाहीच. रंगाचा एक ओघळ उंबऱ्यावरून खाली आलेला दिसतो, म्हणजे रंगवणाऱ्याने दार उघडं ठेवून, आतून वाकून रंगवलं असणार. पुढच्या बुधवारी दुर्बीण नेते.

ओळंबा

न्या. पण ती दारावरच ठेवा, शेजारच्या खिडक्यांवर फिरवू नका. मी एकदा फिरवली होती, नकाशासाठीच, आणि पुढचा अर्धा तास खुलासे देण्यात गेला.

आणि बिजागऱ्या बघा. तेल दिलेलं असेल तर इथे कळवा.